वाहन सल्ला : पुढून टकटक येतेय, शॉकर गेले का?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षांची आहे, 78 हजार किलोमीटर झालेत. राजेंद्रनगरात खोदून बुजवलेल्या गल्ल्यांतून वीस-पंचवीसच्या वेगाने जाताना पुढच्या डाव्या बाजूने टकटक येते. स्पीडब्रेकरवरून मात्र गाडी निमूट जाते. मिस्त्रीने डावं चाक जॅकवर घेऊन हलवून पाहिलं, काही सापडलं नाही. तरी दोन्ही शॉकर बदला म्हणतो. घरी काही तपासता येईल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : शॉकरवर तेल ओघळलेलं नसेल आणि बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी लगेच स्थिरावत असेल, तर शॉकर सध्या राहू द्या. स्पीडब्रेकरवर आवाज नाही, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट. तिथे दोन्ही चाकं एकदम वर जातात, त्यामुळे जंपिंग रॉड, म्हणजे दोन बाजूंना जोडणारा आडवा स्टॅबिलायझर बार, आपल्या बुशात, म्हणजे रबरी बैठकीत, नुसता फिरतो. एकच चाक खड्ड्यात गेलं की तो पिळला जातो आणि जोर येतो टोकाच्या लिंकवर. लिंकच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. त्यांची रबरी टोपी फाटली, की ग्रीस जातं, धूळ-पाणी शिरतं आणि बॉल वाटीत खेळायला लागतो. तुमची टकटक बहुधा हीच.

मिस्त्रीला ती सापडली नाही याचं नवल नाही. एकच बाजू उचलली की रॉड पिळलेला राहतो, बॉल वाटीच्या एका अंगाला दाबून बसतो आणि ढिलाई लपते. म्हणून गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर उभी ठेवा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे हात घाला. शॉकरच्या अंगाशी उभी, पेन्सिलपेक्षा जराशी जाड दांडी दिसेल, ती लिंक. एका हाताचं बोट जॉइंटवर ठेवून दुसऱ्या हाताने दांडी जोरात वर-खाली हलवा. बोटाला ‘टक्’ जाणवलं की लिंक गेली. ती स्वतःभोवती थोडी फिरते, त्यात बिघाड नाही. काही छोट्या गाड्यांत वेगळी लिंकच नसते. रॉड थेट लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यात, जातो. तिथे टोकाचे रबरी बुश पाहा.

याआधी एक फुकटची चाचणी : त्याच गल्लीतून ब्रेकवर हलका पाय ठेवून जा. आवाज थांबला तर दोष बहुधा ब्रेक पॅडच्या क्लिपांत किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांत आहे, सस्पेन्शनमध्ये नाही.

लिंक बदलायची तर दोन्ही बाजूंच्या बदला. मागच्या चाकांना गुटके लावा, पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी जॅक स्टँडवर घ्या. दोन्ही चाकं सारखी लोंबली की रॉड मोकळा होतो आणि लिंक हाताने निघते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा. नट सोडवताना आतला स्टड सोबत फिरतो, इथेच बहुतेकांची गाडी अडते. स्टडच्या तोंडाला षटकोनी खाच असेल तर एलन की घालून तो धरा आणि नट रिंग पान्याने फिरवा. खाच गंजाने भरलेली असते, आधी टोच्याने साफ करा. तरीही घसरली तर हॅकसॉने नट कापा. जुनी लिंक तशीही भंगारातच जाणार.

नवा नट सुरुवातीला हातानेच चढवा, जुना नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) पुन्हा वापरू नका. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे; 10 मिमीच्या स्टडला तो साधारण 40 ते 60 न्यूटन-मीटर असतो. इम्पॅक्ट गन नको, टोपी पिळून फाटते. हातासरशी रॉडचे डी आकाराचे बुशही पाहून घ्या : रॉड आणि रबर यांत फट दिसली तर बदला. त्यांना इंजिन ऑइल लावायची खोड अनेकांना असते. आवाज चार दिवस थांबतो खरा, पण तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं.

प्रश्न : लोअर आर्मचे नवे बुश सहा महिन्यांत फाटले. ब्रेक मारताना पुन्हा ‘धप’ येतं. माल नकली असेल का?
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : असू शकतो, पण आधी बसवणाऱ्याला विचारा की बोल्ट कधी आवळले. या बुशाचं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला की त्याच स्थितीत आतली नळी जखडते. मग गाडी जमिनीवर आल्यावर रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं आणि बघता बघता चिरतं. बोल्ट आधी नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवून दोन-तीनदा दाबायची आणि मगच शेवटचं आवळायचं. रॅम्प नसेल तर आर्मखाली जॅक लावून तो गाडीच्या नेहमीच्या उंचीपर्यंत उचलला तरी चालतं. या कामानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

प्रश्न : उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की ‘टुंग’ असा आवाज येतो. शॉकरचं वरचं माउंट घरी बदलता येईल का?
– एक वाचक, महू

उत्तर : निदान घरी करा, काम गॅरेजला द्या. एकाने स्टिअरिंग फिरवावं, दुसऱ्याने बाहेरून स्प्रिंगला हात लावावा. स्प्रिंग सोबत न फिरता अडून मग झटक्याने फिरली, तर माउंटचं बेअरिंग जाम आहे. ते काढायला स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग आवळून धरणाऱ्या अवजाराने) दाबावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव जाऊ शकतो. भाड्याने आणलेल्या हलक्या कॉम्प्रेसरवर हा प्रयोग नको. माउंट आणि बेअरिंग दोन्ही एकदमच बदलून घ्या, मजुरी तेवढीच लागते.