गूळपोळी नसलेली संक्रांत

प्रिय चिऊ,

तुझा तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आधी बसमध्ये ऐकला, मग घरी येऊन जेवताना परत ऐकला. निम्मा वेळ मागे मामाची मोटारसायकलच वाजतेय, पण प्रश्न कळले. मराठीच्या ऑनलाइन वर्गात ताईंनी सांगितलं की संक्रांतीचं पक्वान्न म्हणजे गूळपोळी. आजीकडे मात्र भोगीला भरीत झालं, संक्रांतीला मामा अमळनेरहून पुठ्ठ्याच्या खोक्यात घेवर घेऊन आला, आणि गूळपोळीचं कुणी नावही काढलं नाही. 'मग आपण कमी मराठी आहोत का?' असं तू विचारलंस. आणि शेवटी, जाता जाता, आजी शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला का आली नाही, हे.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नाही. आणि घेवर खाताना हा प्रश्न तुला पडला नव्हता, खाऊन झाल्यावर पडला, हेही मेसेजमधून कळलं.

खान्देशात गूळपोळी होतच नाही असं समजू नकोस. पुष्कळ घरांत होते, आपल्या घरात होत नाही एवढंच. आजीला येत नाही असं तर मुळीच नाही. उपड्या खापरावर हातभर पुरणाचा मांडा टाकणारी बाई ती, तिला गूळपोळी काय अवघड! पण तिच्या आईनं केली नाही म्हणून तिनं केली नाही, आणि तिनं केली नाही म्हणून मला येत नाही. अशा गोष्टींची कारणं बहुतेक वेळा एवढीच असतात. लोक नंतर त्यांना शास्त्र वगैरे चिकटवतात.

भरिताचं मात्र कारण आहे. तुमच्या ताईंनी भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि वांगी, गाजर, वालपापडी, हरभऱ्याचे सोलाणे अशी सगळी मिळून तिळाच्या कुटातली भाजी सांगितली असेल. ती आपल्याकडेही असते, त्या दिवशी तूही खाल्ली असशील. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणतात, त्यामुळे कुणी टाळत नाही. पण जळगावकडची भरिताची वांगी हिवाळ्यातच खरी. लांबट, मोठी, हिरवी-पांढरी, बिया अगदी कमी. जांभळ्या वांग्याचं भरीत आजी भरीत मानतच नाही. या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळ्यालाही त्याच वर्षी. मी ते तिला मोठ्या उत्साहानं फोनवर सांगितलं तर म्हणाली, बरं, भाव वाढना का?

वांगी भाजायला गॅस चालत नाही. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात, त्यांचा जाळ करायचा. वांगं फुटू नये म्हणून आधी काडीनं टोचायचं. साल करपली की सोलून बडगीत घालायचं आणि लाकडी मुसळीनं ठेचायचं. तू ज्याला 'लाकडी होडी' म्हणालीस ना, तीच बडगी. हिरव्या मिरच्या, लसूण, तळलेले शेंगदाणे, कोथिंबीर आणि वरून कच्ची कांद्याची पात. मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो. मी इथे एकदा करून पाहिलंय, तुला आठवतही नसेल, तू तीन वर्षांची होतीस. तुझ्या बाबांनी ते चुपचाप ब्रेडवर चटणीसारखं लावून खाल्लं, यावरून काय झालं होतं ते समज. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. ती खाल्लीस की नाही, ते तू सांगितलंच नाहीस.

आता घेवर. हा मूळचा राजस्थानचा. मैद्याचं पातळ पीठ उकळत्या तुपात बारीक धारेनं सोडतात, म्हणून त्याला ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडतात, मग पाक. खान्देशच्या बाजारपेठांत मारवाडी आणि गुजराती व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्याबरोबर तो आला असणार, आणि आला तो संक्रांतीच्या ताटात जाऊन बसला. माझ्या लहानपणी जानेवारी लागला की धुळ्याच्या आणि अमळनेरच्या मिठाईच्या दुकानांबाहेर घेवरांचे थर लागायचे. माझं लग्न झाल्यावर पहिल्या संक्रांतीला तुझा मामा पुण्याला घेवर घेऊन आला होता, रात्रभर बसमध्ये मांडीवर खोका धरून. सासरी सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, हे काय असतं? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही सगळ्या महाराष्ट्राची संक्रांत नव्हे.

पतंगांचंही तसंच. सुरत-भुसावळ रेल्वेनं नवापूर, नंदुरबार, अमळनेर अशी गावं गुजरातला बांधून ठेवलीत. जितकं पश्चिमेला जाशील तितकं आकाश भरलेलं. नंदुरबारला माझी मावशी होती, तिच्या गच्चीवर मी माझ्या अंगठ्याची रेघ मिळवली. तू लहानपणी जिला 'आईची आगगाडी' म्हणायचीस, तीच. तेव्हा नुसता काचेचा मांजा होता. आता नायलॉनचा येतो, त्यावर बंदी आहे तरी मिळतो. मामानं आणला तर हात लावू नकोस, आणि मोटारसायकलवर त्याच्या पुढे बसू नकोस, पाठीमागे बस.

ताईंनी 'सुगीचा सण' असंही सांगितलंय. त्यावर तुझं म्हणणं की आजीच्या शेतात तर सगळं उभंच आहे, कापलं काहीच नाही. शाबास, हे बघितलंस ते बरं केलंस! बाजरी आणि तीळ दिवाळीच्या आसपासच घरात आलेले असतात. दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, अजून उभी आहे. गहू हिरवा आहे. म्हणून तर सुगडात काय घालतात ते आठव: गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गाजर, बोरं. सगळं ओलं, कच्चं, आत्ता हाताला येणारं. खरी कापणी तू इथे परत आल्यावर होईल. आणि बोरं जळगावची मेहरूण मिळाली तर बघ, गावाबाहेरच्या बांधावरची आंबट गोळी आणि ही यांत फार फरक आहे.

'सूर्य तर 21 डिसेंबरलाच फिरला, मग तीन आठवडे उशीर का?' हे तुझ्या बाबांसाठी ठेवणार होते, पण थोडक्यात सांगते. आपली पंचांगं सूर्य कुठल्या ताऱ्यांच्या राशीत शिरतो ते मोजतात, दिवस मोठा कधी व्हायला लागतो ते नाही. खूप पूर्वी दोन्ही एकाच सुमारास व्हायचं. पृथ्वीचा आस हळूहळू भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ती दोन सरकत गेली. साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस. म्हणून हल्ली संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते, कधी 14 तर कधी 15 तारखेला. पुढचं बाबांना विचार.

आता आजीचं.

आजोबा गेले तेव्हा तू पोटात होतीस. हळदीकुंकवाला सवाष्णींना बोलावतात, म्हणजे जिचा नवरा आहे तिला. आजीला त्या दिवसापासून कुणी बोलावलं नाही. शेजारच्या काकू वाईट नाहीत. त्याच काकू आजीला ताप आला तेव्हा दोन रात्री उशाशी बसल्या होत्या. तरी बोलावत नाहीत, कारण नाही बोलावत. गूळपोळीसारखंच आहे हे, फक्त यात माणूस घरात एकटं बसतं.

आणि मी तुला खरं सांगते. आजोबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या संक्रांतीला मी तुला घेऊन गावी आले होते. काळी चंद्रकळा नेसले आणि तुला काखेत मारून गल्लीतल्या सात घरी वाण घेऊन आले. निघताना तिला विचारलं, तू? ती म्हणाली, "तुम्ही जा, मी मंग जासू." तिला जायचंच नव्हतं आणि मलाही ते माहीत होतं. परत आले तेव्हा ती अंधारात दिवा न लावता शेंगा फोडत बसली होती. वाणात आलेली एक स्टीलची वाटी मी तिला दिली. आजी मीठ ज्या वाटीनं घेते ना, ती ही. त्या वाटीवरून आम्ही दोघी कधी बोललो नाही.

2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या अशा प्रथा बंद केल्या. पेपरात आलं तेव्हा मी कात्रणाचा फोटो मामाला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला आणि विषय संपला.

तू म्हणालीस की रथसप्तमीच्या आत आपल्याच घरी सगळ्यांना बोलावू आणि आधी आजीला कुंकू लावू. चांगलं आहे. पण आधी तिला विचार, एकटीला, संध्याकाळी ती निवडत बसलेली असताना. नको म्हणाली तर हट्ट करू नकोस आणि तिला त्यावरून भाषण तर मुळीच देऊ नकोस, तुला ती सवय आहे. हो म्हणाली तर काकूंना तूच बोलवायला जा, मामाला पाठवू नकोस. काय होईल ते मला सांगता येत नाही. वाण म्हणून काही विकत आणू नका. बोरं आणि घाटे द्या.

तीळगुळाचं तुझं रेकॉर्डिंग मी ऑफिसात ऐकवलं. गावातली मुलं 'तीयगूय' म्हणतात ते त्यांची चूक नाही, अहिराणीत ळ असाच य होतो, तेव्हा सुधारायला जाऊ नकोस. इथे मी लाडू वाटले आणि 'गोड बोला' याचं भाषांतर करून सांगितलं, तर समोरच्या टेबलावरची बाई गंभीर होऊन म्हणाली, मी तुमच्याशी कधी वाईट बोलले का? अर्धा तास समजावलं.

बडगी धुतलीत तर उन्हात ठेवू नका, तडकते. ओट्याखाली सावलीत उपडी घाला.

तुझी,
आई