'एस' काढला तरी लाल रेघ का पडते

तुम्ही लिहिलंय की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगमध्ये दोनदा सहा बँडवर, म्हणजे सहा गुणांवर, अडकलात. क्लासने दिलेली दोनशे अनकाउंटेबल शब्दांची (न मोजता येणारी नामं, ज्यांना अनेकवचनाचा 'एस' लागत नाही) यादी तुम्हाला तोंडपाठ आहे, 'इन्फर्मेशन्स' लिहिणं केव्हाच सोडलंय, आणि तरी तपासणारे नेमक्या त्याच शब्दांच्या आसपास लाल रेघा मारतात. वाचताना माझी जुनी सरावाची वही डोळ्यांसमोर आली. रात्रपाळीवरून आल्या आल्या लिहायला बसलेय.

मी नर्स आहे, इंग्रजीची शिक्षिका नाही, त्यामुळे जाणकारांनी चुकलं तर दुरुस्त करावं. काउंटेबल कशाला म्हणतात, अनकाउंटेबल कशाला, ते तुम्हाला येतंच. ते सोडून देते.

आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर तळाला 'ॲडव्हाइस' असं छापलेलं असतं. त्याखाली डॉक्टर आकडे घालून लिहितात: मीठ कमी, एक दिवसाआड ड्रेसिंग, आठ दिवसांनी दाखवणे. डोळ्यांना तीन गोष्टी दिसतात, मराठीत तीन सल्ले म्हणताही येतं. मग माझ्या हातून 'मेनी ॲडव्हायसेस वेअर गिव्हन' असंच उतरायचं. यादी पाठ केल्यावर मी ते 'मेनी ॲडव्हाइस वेअर गिव्हन' केलं, आणि पुढचं वाक्य 'शी फॉलोड ऑल ऑफ देम' तसंच ठेवलं. चूक सुधारली या समजुतीत मी सहा महिने काढले. मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच.

माझी मोठी जाऊ हायस्कुलात इंग्रजी शिकवते. तिने वहीत त्या शब्दावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "आता उरलेलं वाच." उरलं होतं 'मेनी', 'वेअर' आणि 'देम'. "हे सगळं मोजायच्या वस्तूंचं बोलणं आहे. तू नामाचा एस काढलास, वाक्य तसंच ठेवलंस." योग्य वाक्य होतं 'अ लॉट ऑफ ॲडव्हाइस वॉज गिव्हन', आणि पुढे 'शी फॉलोड ऑल ऑफ इट'. तुमच्या पोस्टमधलं 'धीज इक्विपमेंट आर' आणि 'ॲन एव्हिडन्स' बघा, अगदी हाच प्रकार आहे. यादी फक्त एसबद्दल बोलते. आधीचा 'ए' किंवा 'ॲन', 'मेनी', 'फ्यू', 'इच', 'धीज', नंतरचं क्रियापद आणि पुढच्या वाक्यातलं सर्वनाम यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यामुळे अंगठा ठेवून वाचायची सवय लावा. माझ्या मते ती दोनशे शब्दांच्या यादीपेक्षा जास्त कामाची आहे.

आमच्या क्लासबद्दल नाव न घेता सांगते. तीन प्रयत्नांत त्यांनी माझा एकही निबंध तपासून परत दिला नाही. दर वेळी उत्तर एकच, "शब्दसंग्रह वाढवा", आणि पुढच्या बॅचची फी. परीक्षेच्या निकालावर नुसते बँड येतात, कुठे चुकलं ते येत नाही. म्हणून फक्त या चुकीमुळेच माझे गुण गेले असं मी म्हणू शकत नाही. रायटिंगमध्ये चार निकष असतात, चारही सारख्या वजनाचे, आणि व्याकरण त्यातला एक. पण ज्यांनी पैसे घेतले त्यांनी एक पान तरी लाल पेनाने तपासायला हवं होतं. दोन महिन्यांच्या पगारातून साठवलेली परीक्षेची फी होती ती. अजून राग येतो.

'ही वस्तू मोजता येते का' असा विचार करत बसू नका, त्याने गोंधळ वाढतो. आपण तांदूळ 'धुतले' म्हणतो आणि भात 'शिजला' म्हणतो. पातेलं तेच, दाणे तेच. इंग्रजीतही 'व्हीट' अनकाउंटेबल आणि 'ओट्स' अनेकवचनी. आपण केस 'विंचरले' म्हणतो, त्यांचं 'हेअर' एकवचनी. मोजायचं की नाही हे ज्याची त्याची भाषा ठरवते, म्हणून शब्द त्याच्या मापासकट लक्षात ठेवा. वॉर्डात आपण हे रोज करतोच. 'थ्री व्हॉमिटिंग्ज' लिहीत नाही, 'थ्री एपिसोड्स ऑफ व्हॉमिटिंग' लिहितो. तसंच 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ इक्विपमेंट'. एकदा माप आलं की मोजणी आणि क्रियापद मापाप्रमाणे चालतं.

'एक्स्पीरियन्स' आणि 'वर्क' मात्र जपून. दहा वर्षांचा अनुभव एसशिवाय. आलेले वेगवेगळे अनुभव म्हणायचे असतील तर 'एक्स्पीरियन्सेस' बरोबर आहे. 'मेनी वर्क्स' लिहून कामं म्हणायचं असेल तर 'टास्क्स' घ्या. कॉम्प्युटरचा स्पेलचेक इथे चूक दाखवेलच असं नाही, कारण 'वर्क्स' हाही खरा शब्द आहे. 'डेटा इज' की 'डेटा आर' यावर झोप घालवू नका, दोन्ही चालतात.

शब्दकोश घ्याल तर विद्यार्थ्यांसाठीचा घ्या, ज्यात नामापुढे 'सी' (काउंटेबल) किंवा 'यू' (अनकाउंटेबल) छापलेलं असतं. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानात इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांबरोबर तयार केलेला कोश 1942 मध्ये तिथे निघाला, त्यात नामांना अशा खुणा होत्या. परक्या भाषेतून आलेल्या माणसाची अडचण त्यांना वर्गात दिसली होती. इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेल्या जाड कोशात ही सोय बहुधा मिळत नाही.

लिसनिंगमध्येही लक्ष द्या, तिथे एक एस राहिला की ते उत्तरच चूक धरतात.

आणि तुम्हीही नर्सिंगमधल्या आहात म्हणून एक. "आज दोनच स्टाफ आहेत" हे आपलं वॉर्डातलं बोलणं इंग्रजीत 'टू स्टाफ्स' करू नका, 'टू मेंबर्स ऑफ स्टाफ' लिहा. इथे यूकेत रक्ततपासणीला सर्रास 'ब्लड्स' म्हणतात, ते बोलण्यात ठीक, परीक्षेत 'ब्लड टेस्ट्स' लिहा. मी आले तेव्हा इथल्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात लागायचे. अर्ज करण्याआधी त्यांच्या साइटवर स्वतः बघून घ्या, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका.

पुढच्या निबंधातले दोन परिच्छेद इथे टाका. गुरुवारी मला सुट्टी आहे, सावकाश वाचते.