सशाच्या शिंका नि नाक गळणं औषधाने थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, कायमचं बरं होतं का? घरी काय करावं?

थोडक्यात सांगायचं तर अशी जुनी नाकाची तक्रार पूर्ण जाईलच असं धरून चालू नका, पण ती ताब्यात ठेवता येते आणि ससा मजेत जगतो. आमच्या सशाचं, भुऱ्याचं, नाक गेली कित्येक वर्षं असंच आहे. चांगले दिवस असतात, वाईट दिवस असतात, पण खातो, उड्या मारतो, वायर कुरतडून शिव्याही खातो.

तुम्ही लिहिलंय की गोळ्यांचा कोर्स संपला की आठवड्याभरात परत पांढरा शेंबूड. यावर माझा पहिला प्रश्न हा की नाकाचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) घेऊन कल्चर, म्हणजे त्यात कोणता जंतू वाढतो याची तपासणी, केलंय का? बहुतेक ठिकाणी ससा शिंकतोय म्हटलं की पाश्चुरेला नावाचा जंतू समजून एक ठरलेलं अँटिबायोटिक देतात. पाश्चुरेला असतोही बऱ्याचदा, पण बोर्डेटेला, स्टॅफिलोकोकस, स्यूडोमोनास असलेही जंतू निघतात आणि प्रत्येकावर तेच औषध चालत नाही. स्वॅब नाकात खोलवर घ्यावा लागतो, नुसतं नाकपुडीच्या टोकाला कापूस लावून बाहेरचेच जंतू मिळतात, म्हणून बऱ्याच वेळा थोडी भूल देऊन घेतात. रिपोर्टमध्ये कोणत्या औषधाला जंतू दबतो ते लिहिलेलं येतं, मग अंदाजाने औषधं बदलत बसायची वेळ येत नाही.

दुसरं म्हणजे दात. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि वरच्या दातांची मुळं नाकाच्या नि अश्रुनलिकेच्या अगदी लागून असतात. मूळ वर सरकलं किंवा तिथे पू झाला की एका बाजूचं नाक गळतं, त्याच बाजूचा डोळा पाणावतो, आणि तुम्ही कितीही अँटिबायोटिक द्या, मूळ कारण तिथेच बसलेलं. स्राव एकाच नाकपुडीतून येत असेल तर डोक्याचा एक्स-रे, शक्य असेल तर सीटी स्कॅन करून घ्याच. कधी कधी तर गवताची काडी नाकात अडकलेली निघते! आणि समजा जंतूच आहे, तरी सशाचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहून जात नाही, टूथपेस्टसारखा घट्ट राहतो, सायनसमध्ये साचतो, औषध तिथवर नीट पोचत नाही. म्हणून कोर्स लांबलचक असतात, कित्येक आठवड्यांचे, आणि बरं वाटलं म्हणून मधेच बंद केलं की परत पहिले पाढे पंचावन्न.

औषधांबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरात समजा. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन हे सशाला तोंडाने कधीही द्यायचं नाही, आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जुलाब होऊन ससा जाऊ शकतो. पेनिसिलिन इंजेक्शनने देतात, ते वेगळं, आणि तेही डॉक्टरच ठरवणार. घरात माणसाचं उरलेलं औषध आहे म्हणून पाव गोळी देऊ नका. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चांगलेच असतात, पण सशांची सवय असलेला डॉक्टर शोधा, आणि स्टेरॉइड लिहून दिलं तर का ते विचारा, कारण त्याने प्रतिकारशक्ती दबते आणि दबलेला जंतू उसळतो.

आता घरचं काम, ज्याने आमच्याकडे खरा फरक पडला. नेब्युलायझर, म्हणजे पातळ औषधाचं धुकं करणारं मशिन. लहान मुलांना वापरतो तोच, त्यात ०.९ टक्क्याचं साधं सलाईन (मिठाचं निर्जंतुक पाणी). भुऱ्याला कॅरियरमध्ये बसवायचं, वर टॉवेल टाकायचा पण हवेला फट ठेवायची, आत नळी सोडायची, दहा-पंधरा मिनिटं. सुरुवातीला मशिनच्या आवाजाला घाबरून पाय आपटायचा, आता कान मागे टाकून मुकाट बसतो. धुकं थंडच हवं, गरम पाण्याची वाफ अजिबात नको, सशाला उष्णता सोसत नाही. सलाईनमध्ये औषध घालायचं तर डॉक्टरांना विचारून. आणि निलगिरी, बाम, कसलं सुगंधी तेल, काही काही नाही.

झालं की कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसाने नाक पुसायचं, आधी खपली मऊ होऊ द्यायची, ओढून काढली तर कातडी सोलते. पुढच्या पायांच्या आतली बाजू रोज बघा. ससा नाक पायानेच पुसतो, त्यामुळे नाक वरून कोरडं दिसलं तरी तिथले केस चिकट, गुठळ्या झालेले असतात. औषध लागू पडतंय की नाही हे मी नाकापेक्षा पायावरून ओळखतो.

हवा हा तर अर्धा इलाज आहे. लघवीचा अमोनिया नाकाची आतली कातडी जाळतो, म्हणून लिटर (शी-शूच्या ट्रेमध्ये घालतो तो भुसा किंवा गोळ्या) रोज बदला, आणि तुमचं नाक पिंजऱ्याजवळ सशाच्या उंचीवर नेऊन वास घ्या, उभं राहून काही कळत नाही. देवदार-पाईनचा भुसा, धुळीचं मांजरांचं लिटर काढून टाका, कागदाच्या गोळ्यांचं वापरा. वाळलेलं गवत बाहेर झटकून द्या, फारच धूळ असेल तर हलकं पाणी शिंपडून लगेच द्या, उरलेलं काढा नाहीतर बुरशी. सिगरेट, रूम फ्रेशनर, फिनाईल त्या खोलीत नको.

नाक चोंदलं की वास येत नाही, वास नाही की खाणं कमी, आणि ससा खायचा थांबला की आतडं थांबतं, हे शिंकांपेक्षा जास्त धोक्याचं. आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. वाईट दिवशी कोथिंबीर, पुदिना असं वासाचं काहीतरी पुढे करा. अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही, लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट बघू नका.

आणि हे कधीही विसरू नका, ससा नाकानेच श्वास घेतो. तोंड उघडून, मान वर ताणून श्वास घेताना दिसला, ओठ-हिरड्या निळसर दिसल्या, तर ती इमर्जन्सी आहे, त्याला न दाबता, पाठीवर न उलटवता तसाच कॅरियरमध्ये ठेवून थेट दवाखाना गाठा. शांत झोपलेला असताना एकदा श्वास मोजून ठेवा, साधारण मिनिटाला ३० ते ६० असतात, म्हणजे गडबड झाली की तुलना करता येते. मान एका बाजूला कलायला लागली तरीही लगेच जा, संसर्ग कानात उतरलेला असू शकतो.

जोडीला दुसरा ससा असेल तर तो ठणठणीत असला तरी डॉक्टरांना सांगा, बऱ्याचदा जंतू दोघांकडे असतो आणि एकालाच त्रास होतो. वेगळं करायचं का हे त्यांच्यावर सोडा, जोडी तोडली तर त्या ताणानेही नाक बिघडतं. स्राव एका बाजूने की दोन्ही, डोळा पाणावतो का, आत्तापर्यंत कोणतं औषध किती दिवस दिलं, हे तुमच्या प्रश्नात नाहीये, ते लिहा म्हणजे अजून काही सुचलं तर सांगता येईल.