पाणीटंचाईच्या बातमीबद्दल

सप्रेम नमस्कार,

तू पाठवलेली पाणीटंचाईची कॉपी, म्हणजे बातमीचा मसुदा, सावकाश वाचली. भाषा नेटकी आहे. पण ‘नागरिकांमधून तीव्र संताप व्यक्त होत आहे’ असं पहिल्याच वाक्यात म्हणतेस आणि पुढे संपूर्ण बातमीत एकही माणूस बोलत नाही. संताप कोणाचा? कोणत्या वस्तीतला? गावाचं नाव बदललं तर हीच बातमी दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात जशीच्या तशी चालेल. तुझ्या बातमीतलं प्रत्येक वाक्य एकतर तू स्वतः पाहिलेलं असावं, नाहीतर ज्याचं नाव-गाव तुला ठाऊक आहे अशा माणसाने सांगितलेलं, नाहीतर कागदावर सापडलेलं. यातलं काहीच नसेल तर ते वाक्य काढून टाक, कितीही चांगलं जमलेलं असलं तरी.

आता परत गावात जा, आणि पाणी सुटायच्या वेळेला जा. दुपारी गेलीस तर कोरडा नळ दिसेल, फोटोही मिळेल, पण बातमी मिळणार नाही. पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं ते लिहून घे. पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोज. गावाच्या वरच्या टोकाच्या घरी मोज आणि पार शेवटच्या घरीही मोज. 2019 मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचं, म्हणजे खेड्यातल्या घरोघरी नळाने पाणी देण्याच्या केंद्राच्या योजनेचं, आश्वासन माणशी दररोज 55 लिटरचं आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला 275 लिटर, साधारण अठरा बादल्या. शेवटच्या घरात सहाच बादल्या भरल्या असतील तर ‘भीषण’, ‘तीव्र’ ही विशेषणं वापरायची गरजच उरत नाही. आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याशी निवांत बोल. कोणत्या वस्तीला आधी पाणी जातं आणि कोणती वस्ती रोज मागे राहते, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. मात्र त्याची नोकरी गावातच आहे, हे विसरू नकोस.

कागदाचं काम कंटाळवाणं वाटेल, पण ते टाळू नकोस. गावात ‘हर घर जल’ची, म्हणजे प्रत्येक घरात नळाचं पाणी पोचल्याची, पाटी लागली असेल, तर तसं प्रमाणित करणारा ग्रामसभेचा ठराव असायला हवा. तो कधी झाला, सभेला किती जण हजर होते, हे इतिवृत्तात बघ. पाहू दिलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, एका अर्जात एकच विषय घे आणि मजकूर 150 शब्दांच्या आत ठेव. ‘योजनेची सविस्तर माहिती मिळावी’ असं लिहिलंस तर उत्तरही तसंच गोलमोल येईल. कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि शेवटचं देयक (बिल), यांच्या प्रती नाव घेऊन माग. मोजमाप पुस्तिका बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे असते, म्हणून ठरावासाठीचा अर्ज ग्रामपंचायतीकडे वेगळा कर. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील कर. तोवर कॉलेजच्या अंकाची मुदत टळेल, टळू दे. बातमी पुढच्या अंकात जाईल.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ठेकेदार यांच्याशी सगळ्यात शेवटी बोल, हातात आकडे असताना. ‘पाणी का येत नाही?’ असं मोघम विचारू नकोस. ‘अमुक तारखेला शेवटच्या घरी एवढंच पाणी मिळालं, याचं कारण काय?’ असं विचार. उत्तर द्यायला वेळ मागितला तर दे, आणि जे उत्तर येईल ते पूर्ण छाप. तुझ्या बातमीला अडचणीचं ठरलं तरी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नळावर बायका मोकळेपणाने बोलतात. एखादी रागाच्या भरात सरपंचांचं नाव घेऊन बोलेल, तू लिहून घेशील आणि संध्याकाळच्या एसटीने परत येशील. ती मात्र त्याच गल्लीत राहणार आहे. म्हणून निघण्याआधी तिचं वाक्य तिला वाचून दाखव आणि विचार, ‘मावशी, हे तुमच्या नावानं छापू का?’ नको म्हणाली तर नाव वगळ आणि ते का वगळलं हे बातमीत एका वाक्यात सांग. खोटं नाव परस्पर देऊ नकोस. हंडा घेतलेल्या शाळकरी मुलीचा फोटो काढायचा असेल तर आधी तिच्या आईला विचार.

लिहिताना सुरुवात शेवटच्या घरातल्या बादल्यांनी कर. योजनेचा इतिहास तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात आला तरी चालतो. लिहून झालं की मोठ्याने वाच, जिथे दम लागेल तिथे वाक्य तोड.

15 ऑगस्टला ग्रामसभा असेल. तिच्याआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. ती कधी आणि कुठे आहे, हे आत्ताच विचारून ठेव आणि तिला आवर्जून जा. पाण्याचा प्रश्न तिथे जास्त मोकळेपणाने निघतो. नवी कॉपी झाली की वहीतल्या टिपणांसकट पाठव. दोन्ही शेजारी ठेवून वाचेन.

तुझी,
ताई