वाचक विचारतात: बोट आऱ्यात गेलं, कागदावर विळा आला

प्रश्न: नमस्कार दादा, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आरा मशीनवर हजेरी-हिशोब पाहतो. आठ माणसं आहेत, सागवान कापतो अन् शेतकऱ्यायची बाभूळ. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला मालकानं फ्लेक्स लावला, ज्या महिन्यात एकबी अपघात नाही त्या महिन्यात सगळ्यायले पाचशे-पाचशे. मागच्या महिन्यात २६ तारखेले मागून फळ्या ओढणाऱ्या पोराचं बोट चिरलं, तीन टाके पडले. बाकीचे म्हणाले, चार दिवस राहिले बे, आमचे पाचशे बुडवतं काय. त्यानं दवाखान्यात सांगितलं घरी विळा लागला. मीबी वहीत लिहिलं नाही, माझेही पाचशे मी घेतले. मालक खुश आहे, म्हणते पाहा अपघात बंद झाले. मले झोप लागून नाही रायली. सांगू का मालकाले? बक्षीस बंद करायले लावू का?

उत्तर: भाऊ, आधी दवाखान्याचा कागद, बक्षिसाचं मागून बोलू. कामावर जखम झाली तर भरपाई मागायचा हक्क आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे, पण त्या पोराच्या कागदावर विळा लिहिला आहे. उद्या बोट वाकलंच नाही, नाहीतर पू झाला, तर तो काय दाखवणार? आजच वहीत लिहा, तारीख वेळ आणि कोणी पाहिलं ते सगळं, उशिरा लिहितो आहे हेही लिहा, मग त्याला घेऊन डॉक्टरकडे जा आणि खरं काय झालं ते नोंदवायला सांगा. लाज वाटेल, वाटू द्या.

आता बक्षीस. तुमचा मालक वाईट माणूस नाही, अशी बक्षिसं मोठमोठ्या मिला देतात. अमेरिकेत दक्षिणेकडच्या पाइनच्या सॉ मिलांची सदर्न फॉरेस्ट प्रॉडक्ट्स असोसिएशन म्हणून संघटना आहे, ती लाकूड किती कापता त्यावरून गट पाडून सेफ्टी अवॉर्ड देते, आणि सगळा खेळ जखमांच्या सरकारी नोंदीवर. तिथला हिशोब असा, जखमांचा आकडा गुणिले २ लाख, भागिले सगळ्यांचे मिळून कामाचे तास. २ लाख म्हणजे १०० माणसांचं वर्षभराचं काम. हे तुमच्या मशीनला लावून पाहा ना, आठ जण, रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस, झाले १९,२०० तास. एक बोट चिरलं की दर एकदम १० च्या वर, नाही चिरलं तर शून्य. मधलं काहीच नाही. आठ माणसांच्या जागी शून्य आलं म्हणजे काळजी घेतली की नशीब चांगलं होतं की वही कोरी ठेवली, हे त्या शून्यावरून कोणालाच कळत नाही, आणि तुमच्याकडे तर काय झालं ते तुम्हालाच माहीत आहे. अमेरिकेतही हे झालंच, म्हणून २०१२ मध्ये तिथल्या ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्यानं आपल्या अधिकाऱ्यांना लेखी कळवलं की बक्षिसापायी कामगार जखम लपवायला लागले तर ते कायदा मोडणं ठरू शकतं. आणि सगळ्यांचे पैसे एकाच्या बोटावर टांगले की घरचेच लोक त्याचं तोंड दाबतात, यात त्या सात जणांनाही मी फार दोष देत नाही, पाचशे म्हणजे किराणा आहे.

म्हणून बंद नका करू, फिरवा. मागे एका आरा मशीनवर गेलो होतो (गाव सांगत नाही) तर स्टार्टरच्या हिरव्या बटणात सागाची खुट्टी ठोकलेली. का रे बाबा? तर म्हणे लाइट जाते-येते, दरवेळी कोण उठून दाबणार! म्हणजे लाइट गेली, माणूस आऱ्याच्या दातेरी पट्ट्यात अडकलेली ढलपी काढायला वाकला आणि लाइट आली तर पट्टा आपोआप फिरायला लागणार. लाइट आल्यावर मशीन स्वतःहून सुरू होऊ नये हीच सोय स्टार्टरमध्ये असते आणि ती खुट्टीनं मारून टाकलेली. त्या मशीनवर तोवर एकही अपघात झाला नव्हता बरं का, तुमच्या फ्लेक्सप्रमाणे त्यांना दर महिन्याला बक्षीस!

ती खुट्टी जो दाखवेल त्याला पैसे द्या. बांधावरच्या बाभळीत कुंपणाचा खिळा गेलेला असतो, तो कापायच्या आधी हुडकून काढला, द्या. गळ्यातला दुपट्टा काढायला लावला, चाकावरची जाळी परत बसवली, हात जाता जाता वाचला हे स्वतःहून येऊन सांगितलं, द्या. आणि पैसे त्याच दिवशी हातात, महिन्याची वाट नको.

मालकाला सांगायचंच आहे. पोराचं नाव पुढे करू नका, "वही मी कोरी ठेवली" इथून सुरू करा आणि आपले पाचशे त्याच्यासमोर ठेवा. चिडला तर खिळ्यावर पट्टा तुटला तेव्हा किती खर्च आला होता ते विचारा, हा हिशोब त्याला लवकर समजेल.

प्रश्न: माझे मिस्टर आरा मशीनवर आहेत, घरी येतात तर पापण्यांवरही भुसा. नाक कायम चोंदलेलं. म्हणतात साधी धूळ आहे. खरं काय?

उत्तर: ताई, साधी नाही. लाकडाच्या बारीक भुशानं नाकाचा कॅन्सर होऊ शकतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९५ मध्येच ठरवलं आहे. घाबरू नका, पण नाक एकाच बाजूनं बंद राहत असेल, रक्त येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा आणि भुशात काम करतात हे आधी सांगा. कामावर चांगला मास्क पाहिजे, तोंडाला बांधलेला दुपट्टा हा मास्क नाही. कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकू नका म्हणावं. आणि छपराच्या कैचीवर साचलेला बारीक भुसा काढायला सांगा, तो पेट घेतो तेव्हा बॉम्बसारखा उडतो, जानेवारी २०१२ मध्ये कॅनडात बर्न्स लेकला अख्खी सॉ मिल अशीच गेली, दोन माणसं मेली. कपडे मात्र अंगणातच काढायला लावा, लेकरांच्या अंथरुणापर्यंत भुसा आणू नका.