कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लीक होतोय, एमिशन वॉरंटीत दुरुस्त होईल का?

तुमची गाडी अमेरिकेतली, ७ वर्षं जुनी, ७०,००० मैल चाललेली. म्हणजे अजून मुदतीत आहे. तिथल्या केंद्रीय नियमानुसार कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला भाग) ८ वर्षं किंवा ८०,००० मैल, जे आधी भरेल तोवर वॉरंटी असते. गाडी सेकंडहँड असली तरी चालतं.

पण लीक नेमका कुठे आहे ते आधी बघा. इंजिन थंड असताना सुरू करा आणि फटफट कुठून येतेय ते ऐका. तिथे बहुधा काजळीचा काळा डाग दिसेल. कन्व्हर्टरचंच वेल्डिंग तडकलं असेल तर तुमची बाजू भक्कम. नुसतं गॅस्केट (जोडावरचं सील) गेलं असेल तर डीलर हात वर करू शकतो. बाहेर सर्व्हिसिंग केलं, एवढ्या कारणावरून मात्र त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणालाच, तर लेखी मागा. (तिथे बरेचदा सूर बदलतो!)