वाचकांचे प्रश्न : केंद्र ज्यांच्यासाठी, त्यांना समितीत स्थान

प्रश्न : आमची संस्था सुईने नशा करणाऱ्यांसाठी केंद्र सुरू करणार आहे. आराखडा ठरवणाऱ्या समितीत सध्या नशा करणाऱ्या दोघांना घ्यावे, असे मी सुचवले. ‘व्यसन सुटलेल्यांनाच घेऊ, बाकीच्यांचा भरवसा नाही,’ असे इतरांचे मत पडले. योग्य काय?
– एक कार्यकर्ती, ठाणे

उत्तर : आपली सूचना योग्य आहे आणि आपण ती लावून धरावी. व्यसनमुक्त झालेल्यांचा अनुभव मोलाचा असतोच. मात्र सध्या कोणता माल मिळतो, लोक कुठे बसतात आणि एकच सुई दोघातिघांत का फिरते, हे आज नशा करणाऱ्यालाच नेमके ठाऊक असते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये शहराच्या मध्यभागातील एका औषधविक्रेत्याने सिरिंज विकणे थांबवले, तेव्हा ‘ब’ प्रकारची कावीळ पसरेल हा धोका नशा करणाऱ्यांच्या ‘जंकीबाँड’ या संघटनेने ओळखला, आणि १९८४ मध्ये नगरपालिकेच्या आरोग्य विभागाने पुरवलेल्या नव्या सुया वापरलेल्या सुयांच्या बदल्यात द्यायला संघटनेने स्वतः सुरुवात केली.

आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात याच समूहातले पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्यासारख्याच इतरांपर्यंत पोचणारे कार्यकर्ते, नेमले जातात. परंतु सुया वाटणे आणि वापरलेल्या गोळा करणे त्यांच्याकडे, तर जागा आणि वेळ ठरवणे इतरांकडे, अशी वाटणी मला अन्यायाची वाटते. हेरॉइनसारख्या नशेऐवजी दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचेच पाहा. ही गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत कर्मचाऱ्यासमोर बसावे लागते आणि साधारणपणे त्यासाठी रोज यावे लागते. केंद्र सकाळी दहाला उघडत असेल, तर नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्याला गोळी किंवा त्या दिवसाची मजुरी यांपैकी एकावर पाणी सोडावे लागते. ही अडचण नाक्यावर उभा राहणारा माणूस पहिल्याच बैठकीत सांगेल.

भरवशाचा प्रश्न बव्हंशी बैठकीच्या आखणीचा आहे. नशा उतरून अंग मोडून येत असताना कोणीही दोन तास चर्चा करू शकत नाही. म्हणून बैठक त्यांच्या वस्तीजवळ, त्यांना सोयीच्या वेळी आणि थोडक्यात घ्यावी, आणि मानधन त्याच दिवशी हातात द्यावे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार अमली पदार्थाचे सेवन हाही गुन्हा असल्याने इतिवृत्तात त्यांची खरी नावे लिहू नयेत. दोघांपैकी एक स्त्री असावी, कारण पुरुषांनी भरलेल्या केंद्रात स्त्रिया सहसा पाऊल टाकत नाहीत. आणि केंद्राची जागा व वेळ यांवर या दोघांना इतर सदस्यांइतकाच मताचा अधिकार द्यावा.